अधिसूचनेच्या भरवशावर

१८ जून २०२५ च्या रात्री थायलंडच्या आघाडी सरकारातून भूमजाईथाई, म्हणजे देशात गांजा मोकळा करवून आणणारा पक्ष, बाहेर पडला. त्याचा गांजाशी काहीच संबंध नव्हता. तेव्हाच्या पंतप्रधान पैतोंगतार्न शिनावात्रा आणि कंबोडियाचे बुजुर्ग नेते हुन सेन यांचे फोनवरचे बोलणे फुटले होते आणि त्यावरून देशभर संताप उसळला होता. पण हा पक्ष सत्तेतून गेल्यावर आठवडाभरातच आरोग्यमंत्री सोमसाक थेपसुतिन यांची अधिसूचना राजपत्रात छापून आली. यापुढे गांजाचा फुलोरा वैद्यकीय चिठ्ठीशिवाय विकायचा नाही, दुकानात ओढू द्यायचा नाही, त्याची जाहिरात करायची नाही आणि ऑनलाइन विक्रीही करायची नाही, असे तीत म्हटले होते. नियम मोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद आणि २० हजार बाटपर्यंत दंड. त्या दिवशी थायलंडमध्ये गांजाची सुमारे १८ हजार नोंदणीकृत दुकाने होती.

हे असे एका सहीने का होऊ शकले, हा खरा प्रश्न आहे. दुकाने उघडली होती तीही एका सहीनेच. मधल्या तीन वर्षांत थायलंडच्या संसदेने गांजाविषयी एकही कायदा केला नाही.

गांजा या देशाला नवा नाही. सतराव्या शतकातल्या राजा नाराय यांच्या काळातल्या औषधसंग्रहात गांजा घातलेली, झोप आणि भूक यांसाठीची पाककृती आहे. नावेतून विकल्या जाणाऱ्या नूडल्सच्या रश्शात किंवा गावाकडच्या कोंबडीच्या रश्शात पानांची चिमूट टाकायची पद्धत होती. ईशान्येकडच्या इसान भागात, साकोन नाखोन प्रांतातल्या फू फान डोंगरावर ‘हांग क्रारोक’ म्हणजे ‘खारीची शेपटी’ नावाचा देशी वाण पिढ्यान् पिढ्या होत आला. व्हिएतनाम युद्धात याच इसानमधल्या उदोन आणि उबोनच्या तळांवरून अमेरिकी विमाने उडत होती. बांबूच्या काडीला फुलोरा बांधून विकला जाणारा ‘थाई स्टिक’ त्या सैनिकांबरोबर अमेरिकेत पोचला आणि तिथे त्याचा बोलबाला झाला. स्वतः थायलंडने १९३० च्या दशकातच गांजावर बंदी घातली होती. १९७९ च्या अमली पदार्थ कायद्याने तो पाचव्या वर्गात टाकला आणि शिक्षा कडक केल्या.

त्या कडकपणाची किंमत फार मोठी होती. २००३ मध्ये पंतप्रधान थाक्सिन यांनी ‘अमली पदार्थांविरुद्ध युद्ध’ पुकारले. त्याचा रोख मुख्यतः ‘याबा’ या मेथॅम्फेटामिनच्या गोळ्यांवर होता. पहिल्या तीन महिन्यांत अडीच हजारांहून अधिक माणसे मारली गेली आणि त्यांतल्या अनेकांचा अमली पदार्थांशी काही संबंध नव्हता, हे नंतरच्या चौकशीत पुढे आले. तुरुंग मात्र भरतच राहिले आणि त्यांतले बहुसंख्य कैदी अमली पदार्थांच्या गुन्ह्यांखालीच होते. ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली नाही, तर थायलंडमधली सुधारणा पर्यटकांच्या सोयीसाठी झाली असे वाटेल. तसे वाटणे अन्यायाचे आहे, कारण या बदलामागे देशातल्या माणसांनी खस्ता खाल्ल्या.

त्यांतले एक देचा सिरिपात. सुफन बुरी प्रांतात ‘खाओ खवान’ ही त्यांची संस्था शेतकऱ्यांना कीटकनाशकांविना भात पिकवायला शिकवत आली. पुढे देचा गांजाचे तेल काढू लागले आणि दुखणी, झोप न येणे, कर्करोग अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांना ते फुकट देऊ लागले. तेल घेणाऱ्यांची संख्या हजारांत गेली. डिसेंबर २०१८ मध्ये लष्करी राजवटीने नेमलेल्या विधिमंडळाने वैद्यकीय वापराला मंजुरी दिली. ‘नववर्षाची भेट’ म्हणून तिचे कौतुक झाले आणि असे करणारा थायलंड हा आग्नेय आशियातला पहिला देश ठरला. फेब्रुवारी २०१९ मध्ये तो कायदा लागू झाला, आणि एप्रिलमध्ये पोलिसांनी देचांच्या संस्थेवर छापा घातला. रोपे जप्त झाली, एका सहकाऱ्याला अटक झाली. देचा तेव्हा देशाबाहेर होते.

नवा कायदा आला होता, पण त्यात त्यांच्यासारख्या माणसाला जागा नव्हती. परवाना रुग्णालयांना, विद्यापीठांना, सरकारी औषध कारखान्याला मिळणार होता. गावात बसून तेल काढणाऱ्याचे काय, याचे उत्तर कोणी दिले नव्हते. लोक रस्त्यावर आले, वर्तमानपत्रे देचांच्या बाजूने उभी राहिली, निवडणुका नुकत्याच झाल्या होत्या. सरकारने हात आवरता घेतला. देचांना लोकवैद्य म्हणून मान्यता मिळाली आणि त्यांच्या पद्धतीचे तेल पुढे सरकारी आरोग्य यंत्रणेतून दिले जाऊ लागले. थायलंडमधल्या सुधारणेचा हा सर्वांत उजळ टप्पा म्हणावा लागेल, कारण इथे गरज रुग्णाची होती, ज्ञान स्थानिक होते आणि नफा कोणाचाच नव्हता.

याच निवडणुकीत बुरीराम हा बालेकिल्ला असलेल्या भूमजाईथाई पक्षाने ‘प्रत्येक घराला सहा रोपे’ असे आश्वासन दिले. पक्षाचे नेते अनुतिन चार्नविराकुल बांधकाम व्यवसायातल्या मोठ्या घराण्यातले. निवडणुकीनंतर ते उपपंतप्रधान आणि आरोग्यमंत्री झाले. आश्वासन इसानच्या शेतकऱ्यासाठी होते. भात आणि कसावा पिकवून कर्जात राहणाऱ्या माणसाला परसातल्या सहा रोपांतून चार पैसे मिळतील, ही कल्पना लोकांना भावली यात नवल नाही. पाने, देठ, मुळे हे भाग आधी मोकळे झाले. २०२१ च्या आरंभी प्राचिनबुरीच्या अभाईभूबेत रुग्णालयाने तर गांजाची पाने घातलेल्या पदार्थांचे उपाहारगृहच सुरू केले. वनौषधींसाठी नावाजलेल्या सरकारी रुग्णालयाने हे करावे, यातून काळ किती बदलला ते कळत होते.

पुढचे पाऊल मात्र आडवाटेने पडले. डिसेंबर २०२१ मध्ये नवी अमली पदार्थ संहिता लागू झाली. जुन्या कायद्यात गांजाचे नाव होते, नव्या संहितेत ते राहिले नाही. पाचव्या वर्गात काय असावे, हे आरोग्यमंत्र्यांच्या अधिसूचनेवर सोपवले गेले. फेब्रुवारी २०२२ मध्ये अनुतिन यांनी ती यादी काढली. तीत गांजाचे रोप नव्हते. फक्त ०.२ टक्क्यांहून अधिक टीएचसी (नशा आणणारा घटक) असलेला अर्क तेवढा अमली पदार्थ राहिला. अधिसूचनेची १२० दिवसांची मुदत संपली आणि ९ जून २०२२ रोजी गांजा मोकळा झाला.

तीन हजारांहून अधिक कैदी सुटले. गांजाचे रोप लावणे हा एकदा गुन्हा नाही असे ठरल्यावर त्यासाठी कोणालाही आत ठेवता येत नाही. या एका गोष्टीसाठी अनुतिन यांच्या निर्णयाचे श्रेय काढून घेता येणार नाही. सरकारने दहा लाख रोपे वाटण्याची घोषणा केली, नोंदणीसाठी मोबाइल ॲप आणले आणि त्यावर नावे नोंदवायला लोकांची झुंबड उडाली.

मात्र विकायचे कोणी, कोणाला, किती, कुठे ओढायचे, गाडी चालवणाऱ्याचे काय, शाळेपासून किती अंतर, हे सांगणारा कायदा त्या दिवशी नव्हता. विधेयक संसदेत आदल्याच दिवशी पहिल्या वाचनात संमत झाले होते. मधली पोकळी भरायला घाईघाईने जुने नियम शोधले गेले. गांजाच्या धुराला सार्वजनिक उपद्रव ठरवले. पारंपरिक वैद्यकाच्या १९९९ च्या कायद्याखाली गांजाला ‘नियंत्रित वनस्पती’ म्हटले, २० वर्षांखालच्यांना, गरोदर आणि स्तनदा मातांना विक्री बंद केली. तोवर मुलांना विषबाधा झाल्याच्या नोंदी बालरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजकडे आल्या होत्या. बँकॉकचे राज्यपाल चात्चार्त सित्तिपुन्त यांना महापालिकेच्या शाळा गांजामुक्त जाहीर कराव्या लागल्या. ज्या आईबापांनी त्या महिन्यात मुलाला रुग्णालयात नेले, त्यांना सुधारणेचे समर्थक कधीच पटले नाहीत, आणि त्यांना दोष देता येत नाही.

विधेयक समितीत फुगत गेले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सभागृहाने ते परत पाठवले. निवडणूक जवळ येत होती. भूमजाईथाईला हे यश मिळू द्यायचे नाही, यावर विरोधकांचे आणि सरकारातल्याच काही पक्षांचे एकमत झाले. मार्च २०२३ मध्ये संसद विसर्जित झाली आणि विधेयक तिथेच राहिले.

कायदा थांबला तरी बाजार थांबला नाही. खाओ सान रस्त्यावर, सुखुमवितवर, पट्टाया, फुकेत, चिआंग माई इथे हिरव्या पानाच्या दिव्यांची दुकाने ओळीने उभी राहिली. चोकवान ‘किटी’ चोपाका किंवा ‘हायलँड’चे रत्तपोन सानराक यांच्यासारखे जुने कार्यकर्ते स्वतः या धंद्यात होते आणि तेच सुरुवातीपासून सांगत होते की नियम करा, लहान उत्पादक टिकतील असे करा. ते कोणी ऐकले नाही. थोड्याच काळात परदेशातून चोरून आणलेला माल दुकानांत दिसू लागला. वातानुकूलित खोल्यांत दिव्यांखाली पिकवलेल्या फुलोऱ्यापुढे उघड्यावरच्या देशी पिकाला गिऱ्हाईक उरले नाही. भाव कोसळले. ज्यांनी कर्ज काढून हरितगृहे उभारली ते अडकले. सहा रोपांचे आश्वासन ज्या इसानच्या शेतकऱ्याला दिले होते, त्याच्यापर्यंत या पैशातले फार थोडे पोचले.

मग उलटी चाल सुरू झाली. २०२३ मध्ये फेउ थाई पक्षाचे स्रेत्था थविसिन पंतप्रधान झाले आणि वापर फक्त वैद्यकीय असावा, असे ते सांगत राहिले. मे २०२४ मध्ये त्यांनी वर्षअखेरपर्यंत गांजा पुन्हा अमली पदार्थांच्या यादीत टाकण्याचा आदेश दिला. भूमजाईथाई आघाडीत होता, त्याने विरोध केला. कार्यकर्ते सरकारी कचेरीसमोर उपोषणाला बसले. आदेश मागे पडला, कायदा करू असे पुन्हा ठरले, पुन्हा झाला नाही. ऑगस्टमध्ये स्रेत्थांनाच न्यायालयाने पदावरून काढले. एखाद्या दुकानदाराने या काळात काय ठरवावे? भाड्याचा करार तीन वर्षांचा करावा की तीन महिन्यांचा? रुग्णाने तेल कुठून मिळेल असे धरून चालावे?

जवळच्या सिंगापूरकडे पाहिले की थायलंडने उचललेल्या पावलाचे मोल कळते. तिथे ५०० ग्रॅमहून अधिक गांजाच्या तस्करीला फाशी आहे. एप्रिल २०२३ मध्ये तंगराजू सुप्पय्या या तमिळ वंशाच्या माणसाला सुमारे एक किलो गांजाच्या तस्करीच्या कटासाठी फासावर चढवले गेले. त्याच महिन्यात बँकॉकमध्ये तीच वस्तू काचेच्या बरणीतून तोलून मिळत होती. दोन्ही शहरे विमानाने अडीच तासांच्या आत.

मुंबईपासूनही बँकॉक फार दूर नाही. नोव्हेंबर २०२३ पासून थायलंडने भारतीयांना व्हिसाविना प्रवेश दिला आणि गर्दी वाढली. तेव्हापासून मुंबई विमानतळावर बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानात ‘हायड्रो’ म्हणजे मातीविना पिकवलेला गांजा सापडल्याच्या बातम्या सतत येत आहेत. खेळण्यांत, खाऊच्या पाकिटांत, बॅगेच्या खोट्या तळाशी हवाबंद पिशव्या. सीमाशुल्क विभाग किलोला साधारण एक कोटी रुपये किंमत धरतो. पकडला जातो तो बहुधा फुकटच्या सहलीच्या आणि काही हजार रुपयांच्या मोहाने बॅग उचलणारा तरुण. माल ज्याचा, तो क्वचितच हाती लागतो. भारतातल्या १९८५ च्या अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्यात एक किलोपर्यंतचा गांजा अल्प प्रमाण, २० किलोहून अधिक ते व्यापारी प्रमाण. मधल्या प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते, आणि परदेशातून आणल्याचे कलम त्यात जोडले जाते. थायलंडमधल्या दुकानात तो चिठ्ठीवर मिळतो, पण तिथून देशाबाहेर न्यायला तिथल्याही नियमांत मनाई आहे, हे त्या मुलांना कोणी सांगत नाही. तिकिटे काढून देणाऱ्या एजंटांनी आणि सहल कंपन्यांनी एवढे तरी मराठीत, स्पष्ट शब्दांत सांगायला हवे.

सप्टेंबर २०२५ मध्ये राजकारणाचे चाक फिरले आणि अनुतिन स्वतः पंतप्रधान झाले. तरीही चिठ्ठीची सक्ती त्यांनी उठवली नाही. चिठ्ठी डॉक्टर, दंतवैद्य, औषधनिर्माता, थाई किंवा चिनी पारंपरिक वैद्य आणि नोंदणीकृत लोकवैद्य देऊ शकतात. एका वेळी ३० दिवसांपुरताच माल मिळतो आणि तो चांगल्या शेतीपद्धतीचे प्रमाणपत्र असलेल्या मळ्यातूनच आला पाहिजे. रुग्णाच्या दृष्टीने ही शिस्त आवश्यकच आहे. कीटकनाशक आणि बुरशी नसलेला माल मिळणे हा त्याचा हक्क आहे. पण प्रमाणपत्रासाठी लागणारा खर्च, तपासण्या आणि कागदपत्रे मोठ्या कंपनीला परवडतात, फू फानच्या डोंगरावर परसात चार रोपे लावणाऱ्याला परवडत नाहीत. संसदेसमोर पुढच्या वेळी विधेयक येईल तेव्हा लहान उत्पादकांच्या गटाला एकत्र प्रमाणपत्र, सरकारी खर्चाने तपासणी आणि खरेदीची हमी ही तीन कलमे त्यात असायला हवीत. आणि कोणतेही खाते कोणत्याही पक्षाकडे गेले तरी घरातल्या रोपासाठी कोणाला तुरुंगात टाकता येणार नाही, हे मंत्र्याच्या अधिसूचनेत न ठेवता कायद्याच्या मजकुरातच लिहिले जायला हवे.