समितीच्या कागदावर कोणाचं नाव आहे?

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी एक ऑनलाइन ट्रेनिंग चहा पीत, 'पुढे, पुढे' दाबत संपवलं. तुमच्या घरातही कोणीतरी असंच केलं असेल. विषय होता पॉश कायदा, म्हणजे कामाच्या ठिकाणी महिलांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा.

परवा त्याचे नियम नीट वाचले आणि एका गोष्टीवर अडखळले. या कायद्याखालच्या समितीपुढे चौकशी चालते, तेव्हा तक्रार करणारी असो की ज्याच्यावर आरोप आहे तो, कोणालाच वकील उभा करता येत नाही. मग कंपनीच्या लीगल विभागातले वकील यात करतात काय?

त्यांचं खरं काम तक्रार येण्याच्या कितीतरी आधीचं. १० किंवा जास्त माणसं कामाला असतील तर अंतर्गत समिती हवीच. शाखा चार असतील तर चारही ठिकाणी. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, किमान निम्म्या सदस्य महिला, एक सदस्य बाहेरचा. मुदत जास्तीत जास्त ३ वर्षं. इथेच घोळ होतो. अध्यक्ष नोकरी सोडून जातात, कागदावर नाव तसंच राहतं. मग एखादी मुलगी हिंमत करून तक्रार लिहिते, आणि द्यायची कोणाकडे तेच कळत नाही. तिच्याकडे घटनेपासून ३ महिने असतात. कारण पटलं तर समिती आणखी ३ महिने देऊ शकते.

समिती नसेल तर दंड ५० हजारांपर्यंत. मोठ्या कंपनीला तो काय जड! पण जुलै २०२५पासून, लहान कंपन्या सोडल्या तर, संचालक मंडळाच्या अहवालात तक्रारी किती आल्या, किती निकाली निघाल्या, किती ९० दिवसांपेक्षा जास्त रखडल्या, हे छापावं लागतं. हे जास्त झोंबेल, असं मला वाटतं.

एक मात्र लक्षात ठेवा. कंपनीचा वकील कितीही आपुलकीने बोलला, तरी तो कंपनीचा. तक्रार लेखी द्यायची ती समितीकडेच. १० पेक्षा कमी माणसांच्या दुकानात, दवाखान्यात काम करत असाल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे.

काल मी आमच्या ऑफिसातला कागद शोधला. प्रिंटरच्या मागे सापडला. त्यावरच्या चार नावांपैकी एकीचा निरोप समारंभ दिवाळीआधीच झालाय. लीगलला मेल केलाय, अजून उत्तर नाही.