चाकणच्या कारखान्यांना रॉकेटची कामे द्या

रॉकेट हवेला रेटून वर जाते, असा समज भल्याभल्यांचा असतो. प्रत्यक्षात ते स्वतःच्या पोटात तयार झालेला तप्त वायू प्रचंड वेगाने मागे फेकते आणि त्याच्या उलट धक्क्याने पुढे सरकते. इंधन जाळायला लागणारा ऑक्सिजनही ते बरोबर नेते, म्हणून हवा नसलेल्या पोकळीत त्याचे काहीच अडत नाही. पृथ्वीजवळच्या कक्षेत सेकंदाला पावणेआठ किलोमीटरच्या आसपास वेग गाठला, की इंजिन बंद करूनही उपग्रह फिरत राहतो.

अवघड आहे ते तिथवर पोहोचणे. 14 जुलै 2023 रोजी चांद्रयान-3 घेऊन निघालेल्या एलव्हीएम-3 रॉकेटचे वजन सुमारे 640 टन होते, त्यातला बहुतेक भार इंधनाचाच. बाजूच्या दोन बूस्टरमधले प्रत्येकी 200 टनांहून अधिक घन इंधन दोन-सव्वादोन मिनिटांत जळून जाते. वसंत गोवारीकरांसारख्या शास्त्रज्ञांनी केरळमधल्या थुंब्याच्या रॉकेट केंद्रात या घन इंधनाचा पाया घातला. हे इंधन ज्यात भरतात ती पोलादी आवरणे पुणे जिल्ह्यातल्याच वालचंदनगरलाही घडतात.

मग पिंपरी-चिंचवड आणि चाकणने मागे का राहावे?

रॉकेटचे यश शेवटी जोड, वेल्डिंग आणि सीलवर ठरते. 28 जानेवारी 1986च्या कडाक्याच्या थंडीत अमेरिकेच्या चॅलेंजर अंतराळयानाच्या बूस्टरमधली रबरी ओ-रिंग ताठरली, सांध्यातून आग बाहेर आली आणि उड्डाणानंतर 73 सेकंदांत सात अंतराळवीर गेले. 18 मे 2025 रोजी आपल्या पीएसएलव्ही रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्यातला दाब घसरला आणि ईओएस-09 उपग्रह हातचा गेला. रबरी सील, मायक्रॉनमधला टॉलरन्स, दाबाची चाचणी हे भोसरीच्या वर्कशॉपमधले रोजचे विषय आहेत. रॉकेटसाठी फक्त कसोटी अधिक कडक. वरच्या टप्प्याच्या सुट्या भागांत एक किलो वाचवला, तर तेवढाच जादा भार उपग्रहाला मिळतो.

लघुउद्योजकाची अडचण मात्र खरी आहे. गाड्यांचे पार्ट एका शिफ्टमध्ये हजारांनी निघतात, तर इस्रोची उड्डाणे वर्षाला दहाच्या आतच. पाच-दहा नगांच्या जॉबसाठी महागडी एक्स-रे तपासणी आणि प्रमाणपत्रे एकट्याला परवडणार नाहीत. वाहन उद्योगासाठी चिंचवडला ऑटो क्लस्टर उभे राहिले ते सामाईक सुविधांच्या याच गरजेतून. लहान उपग्रहांसाठीच्या एसएसएलव्ही रॉकेटचे तंत्रज्ञान आता हिंदुस्थान एरोनॉटिक्सकडे जात आहे, म्हणजे सुट्या भागांची मागणी वाढायला वाव आहे.

तेव्हा खासगी अंतराळ उद्योगाला चालना देणारी केंद्राची संस्था इन-स्पेस आणि एमआयडीसी यांनी या पट्ट्यात रॉकेटच्या भागांसाठी सामाईक चाचणी केंद्र उभारावे आणि पुढच्या तीन वर्षांच्या मागणीचा अंदाज उद्योजकांना आधीच कळवावा. यंत्रे आणि हात इथे तयार आहेत.