वसणे आणि वसवणे

रात्री गावात येऊन थांबणारी आणि पहाटे परत निघणारी एस.टी. म्हणजे 'वस्तीची गाडी'. पाहुण्यालाही आपण 'आज वस्तीला राहा' असा आग्रह करतो. या 'वस्ती'त घरांची दाटी नाही, फक्त एक रात्र काढणे आहे. गंमत अशी, की 'वसणे'चा हाच अर्थ फार जुना. संस्कृत 'वस्' धातूत रात्रीचा मुक्काम आहेच.

या धातूचे गोत थेट युरोपापर्यंत पोचते. स्वीडिश भाषेत 'असणे' म्हणजे 'वारा' आणि 'होता' म्हणजे 'वार'. मूळ एकच, तिकडे 'स'चा 'र' झाला. इंग्रजी 'वॉज' हाही त्याच कुळातला. तिकडचा मुक्कामी नुसता 'असू' लागला, आपल्याकडच्याने मात्र घर मांडले!

घर सोडून परमुलखात राहणे तो प्रवास. यज्ञाच्या आदल्या दिवशी अग्नीजवळ राहणे तो उपवास. साबुदाण्याची खिचडी फार नंतरची. माहेरवाशीण, सासुरवाशीण, रहिवासी ही सगळी याच घरची माणसे. आणि माणसे उठून गेली की गाव 'ओस' पडते. तो 'ओस'ही संस्कृत 'उद्वस'वरूनच आला.

नवी मुंबईत या क्रियापदाचे प्रयोजक रूप अधिक चालते. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि तिने शहर 'वसवले', असे आपण सहज म्हणतो. पण ज्या ९५ गावांच्या जमिनी या शहरासाठी घेण्याचे ठरले, तिथे आगरी-कोळी आधीच वसलेले होते. भातशेती, मिठागरे, खाडीतली मासेमारी सांभाळून. वसणाऱ्याला कोणाची परवानगी लागत नाही. वसवण्याला मात्र कर्ता दुसराच असतो, आणि नकाशाही त्याचाच. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाटा परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्या लढ्यानंतरची.

सरकारी कागदावर हे लोक 'प्रकल्पग्रस्त' झाले. ग्रस्त म्हणजे गिळलेला; ग्रहणात चंद्र असतो तसा. मग येते 'पुनर्वसन'. त्यातही 'वस्' आहे, पण वसवणारा पुन्हा दुसराच. २५ डिसेंबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली. त्यासाठी उठलेल्या गावांकरिता जी नवी वसाहत आखली, तिचे नाव पुष्पकनगर.