वाकड्या रेघेची वकिली

दिवाळीच्या पहाटे आमच्या मुळशीत अंगणात सडा पडतो आणि पोरी ठिपक्यांची रांगोळी काढायला बसतात. आधी ठिपके, मग त्यांना जोडणारी वळणदार रेघ. ती कुठे वळवायची हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही. वाचकहो, नेमकी हीच विद्या आपण बीजगणिताच्या तासाला त्यांच्या हातून काढून घेतो, अशी माझी तक्रार आहे. आणि गणिताचा जुना मास्तर या नात्याने त्या पापात माझाही वाटा आहे.

२०१८ साली आलेले दहावीचे गणिताचे पुस्तक उघडून पाहा. सरळ रेषेच्या समीकरणांना आलेख आहे. वर्गसमीकरण आले की मात्र अवयव पाडा, वर्ग पूर्ण करा, नाहीतर सूत्रात घाला, अशा तीनच वाटा. समीकरणाचे चित्र काढून पाहण्याची चौथी वाट तिथे नाही. रेघ सरळ असेतोवर तिला मान. वाकली की ती वर्गाबाहेर! मीही वर्षानुवर्षे सूत्र घोकून घेतले. मुले पास झाली. पण ‘उत्तरे दोन का येतात?’ असे एका मुलीने विचारले, तेव्हा ‘सूत्रात अधिक-उणे आहे म्हणून’ एवढेच मला बोलता आले. ते उत्तर नव्हते, पळवाट होती.

भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातील ‘बीजगणित’ ग्रंथात एक गमतीचा प्रश्न आहे. माकडांच्या कळपाच्या आठव्या हिश्शाचा वर्ग वनात खेळतो आहे, उरलेली बारा टेकडीवर ओरडत आहेत, कळप केवढा? उत्तरे दोन, १६ आणि ४८, आणि दोन्ही बरोबर. आता कळपाला क्ष म्हणा. क्षच्या आठव्या हिश्शाच्या वर्गात बारा मिळवून क्ष वजा करा. क्षला ०, ८, १६ असे ६४ पर्यंत नेले की क्रमाने १२, ५, ०, -३, -४, -३, ०, ५, १२ मिळतात. हे नऊ ठिपके आलेखाच्या कागदावर मांडून हलक्या हाताने जोडा. पणतीच्या पोटासारखी रेघ उमटते. ती १६ पाशी आडवा अक्ष ओलांडून खाली जाते, ३२ पाशी तळ गाठते, ४८ पाशी पुन्हा वर येते. उत्तरे दोन का, ते डोळ्यांना दिसते! टेकडीवर बाराऐवजी सोळा माकडे बसवा: सारी रेघ चार घरे वर सरकते, अक्षाला ३२ वर नुसती टेकते; उत्तर एकच. वीस बसवा: ती टेकतच नाही, उत्तरच नाही. या एका चित्रात मुळांचा सारा अध्याय आला.

यावर कोणी म्हणेल, आता मोबाईल हे चित्र क्षणात काढून देतो. देतो ना! छापील रांगोळीही बाजारात मिळते. म्हणून काय लेकीच्या हातची चिमूट काढून घ्यायची? परीक्षेत विचारत नाहीत, असेही कोणी म्हणेल. मग परीक्षा बदला. पोरांची नजर का बांधता?

आणि ही निव्वळ हौस नव्हे. १९२१ साली सेनापती बापटांनी याच खोऱ्यात धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. पाणी किती चढले की किती जमीन बुडते, हे सांगणारी रेघ सरळ नसते. ती ओढणाऱ्यांत आमची माणसे नव्हती, बुडणाऱ्यांत होती. पुन्हा असा कागद गावात आला, तर तो वाचणारे पोर आमच्यातलेच असावे, एवढेच माझे मागणे आहे.

तेव्हा आईबापहो, यंदा पाडव्याला अंगणाचा एक कोपरा मोकळा ठेवा. तिथे लेकीला हे नऊ ठिपके मांडू द्या. जोडताना फूटपट्टी मात्र हाती देऊ नका.