माजघरांतील पडदा

गेल्या महिन्याच्या टपालांत एका वाचक भगिनींचें सविस्तर पत्र आलें आहे. तीन भावांचें एकत्र कुटुंब, जुना दुमजली वाडा, लहानमोठीं तेरा माणसें. दिवाळीच्या सुमारास घरांत सिनेमाचा प्रोजेक्टर घ्यावयाचा हें सर्वांस मान्य आहे. मात्र तो बसवावा कोठें, यावर एकमत होत नाहीं. धाकट्या दिरांस गच्चीवरची खोली पसंत आहे. तेथें दीडशें इंची पडदा लागेल आणि आवाज हवा तेवढा मोठा करतां येईल. परंतु सासूबाईंच्या मांडीचें हाड दोन वर्षांपूर्वीं मोडल्यापासून त्या जिना चढत नाहींत. "आम्हां जावांचें स्वयंपाकघरहि खालींच. वर यंत्र बसलें तर आम्हीं तें कधीं पाहावयाचें?" असें या बाई विचारतात. कोणत्या जातीचें यंत्र घ्यावें हा त्यांचा दुसरा प्रश्न. पण आम्ही आधीं जागेचाच विचार करतों, कारण जागा ठरली म्हणजे यंत्राची निवड बरीचशी आपोआप होते.

प्रोजेक्टर पडद्यावर प्रकाश टाकतो. काळोख टाकणें त्याच्या हातीं नाहीं. चित्रांतला काळा रंग म्हणजे तेवढ्या जागीं प्रकाश न पडणें. खोलींत बाहेरचा उजेड असला कीं काळे केस राखी दिसतात आणि रात्रीचा प्रसंग धुक्यांत घडल्यासारखा भासतो. गच्चीवरच्या खोलीस तिन्ही बाजूंनीं खिडक्या आहेत आणि वर पत्रा आहे, असें पत्रांतच लिहिलें आहे. बहुतेक यंत्रांस भोंवतालची हवा ३५ ते ४० अंशांपर्यंतच मानवते. चैत्र-वैशाखांत पत्र्याखालीं ती मर्यादा सहज ओलांडली जाईल. उलट, माजघराच्या अंधाराबद्दल आपण आजवर वाडवडिलांस नांवें ठेवीत आलों, तोच अंधार येथें उपयोगी पडतो. तेव्हां दिरांची रुचि बाजूस ठेविली, तरी प्रकाश आणि उष्णता या दोन्ही दृष्टींनीं माजघरच श्रेष्ठ ठरतें.

माजघराचा दोष एकच, कीं तो घराचा रस्ता आहे. ओसरीवरून स्वयंपाकघरांत जाणारें प्रत्येक माणूस त्यांतून जातें, आणि पडद्याजवळून गेलें तर त्याची सावली नायकाच्या तोंडावर पडते. यास उपाय असा, कीं यंत्र छतास टांगावें आणि पडदा अशा भिंतीवर घ्यावा, कीं जाण्यायेण्याची वाट पडद्यापासून दूर, यंत्राच्या जवळपास राहील. यंत्राशीं प्रकाशाचा झोत उंचावर असतो. त्याखालून डोक्यावर पाण्याची कळशी घेऊन कोणी गेलें तरी चित्रास बाध येत नाहीं.

आतां मापें. त्यांचें माजघर १५ फूट लांब व ११ फूट रुंद आहे. अरुंद भिंतीवर १०० इंची पडदा बसतो. हे शंभर इंच कर्णाचे, हें विसरूं नये. प्रत्यक्ष रुंदी सात फूट तीन इंच आणि उंची चार फूट एक इंच. यंत्राच्या माहितीपत्रकांत 'थ्रो रेशो' म्हणून एक आंकडा असतो. पडद्याच्या रुंदीस त्यानें गुणिलें कीं भिंतीपासून भिंगापर्यंतचें अंतर निघतें. त्रैराशिक शिकलेल्या कोणासहि तें करतां येईल. १.२ ते १.५ असा आंकडा असलेलें यंत्र या घरीं पावणेनऊ ते अकरा फुटांवर टांगावें लागेल. बसणारांनीं दहा ते साडेतेरा फुटांच्या पट्ट्यांत बसावें. सासूबाईंची खुर्ची मागच्या भिंतीशीं, बाकीची मंडळी सतरंजीवर.

प्रकाशाचें माप ल्युमेन. चित्रपटगृहांत पडद्यावर जेवढी उज्ज्वलता प्रमाण मानतात, तेवढी १०० इंची पांढऱ्या पडद्यावर आणण्यास पूर्ण अंधारांत सव्वाचारशें ल्युमेन पुरतात. बाजारांत मात्र हजारांच्या भाषेशिवाय कोणी बोलत नाहीं! त्यांत कांहीं तथ्य आहे: रंग खरे दिसावेत अशा रचनेंत यंत्राचा प्रकाश बराच घटतो, दिवा जुना झाला कीं आणखी घटतो, आणि स्वयंपाकघरांतला उजेड दारांतून येणारच. म्हणून पंधराशें ते दोन हजारांचें यंत्र घ्यावें. परंतु तो आंकडा ए.एन.एस.आय. किंवा आय.एस.ओ. पद्धतीनें मोजलेला आहे काय, हें विक्रेत्यास स्पष्ट विचारावें. स्वस्त यंत्रांवर छापलेले मोठमोठे आंकडे पुष्कळदां आंतल्या दिव्याचे असतात, पडद्यावर पोंचणाऱ्या प्रकाशाचे नसतात. आणि दीडशें इंची पडद्याचें क्षेत्रफळ शंभर इंचीच्या सव्वादोन पट असल्यामुळें त्याला तितकाच अधिक प्रकाश हवा, हें दिरांस सांगावें.

दिव्याचीं यंत्रें तीन ते पांच हजार तास चालतात, मग दिवा बदलावा लागतो. लेसरच्या यंत्रांस वीस हजार तास सांगतात. रोज दोन तास धरले तर तीं सत्तावीस वर्षें झालीं. इतकीं वर्षें आंतलीं इतर उपकरणें टिकतील असें आम्ही मानीत नाहीं, तरी दिवा बदलण्याची कटकट नको असेल तर लेसरच घ्यावा. 'डीएलपी' प्रकारांत केसाहूनहि सूक्ष्म असे लाखों आरसे हलून चित्र उमटवितात. ही युक्ति अमेरिकेंतील टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक यांनीं १९८७ सालीं साधली. त्याच्या एका चिपेच्या यंत्रांत रंग पाळीपाळीनें येतात, त्यामुळें कोणाकोणास नजर हलवितांना इंद्रधनुष्याचे तुकडे दिसतात व डोकें दुखतें. दुकानांत जातांना घरांतलीं तीनचार माणसें बरोबर न्यावींत, तीं याचसाठीं. 'फोर के' यंत्राच्या चित्रांत सुमारें ८३ लक्ष बिंदु आणि 'फुल एचडी'च्या चित्रांत सुमारें २१ लक्ष, हा भेद मोठा खरा. परंतु शंभर इंची पडद्यापासून तेरा फुटांपलीकडे सामान्य दृष्टीस तो फारसा कळत नाहीं. पुढें बसलेल्या मुलांस कळेल. पैसा मोजका असेल तर आम्ही बिंदूंपेक्षां काळ्या रंगाच्या खोलीवर तो खर्च करूं.

भिंतीलगत ठेवावयाचें, अगदीं जवळून चित्र टाकणारें यंत्रहि मिळतें आणि सावलीचा प्रश्न तें मुळांतूनच सोडवितें. तथापि त्याचा झोत भिंतीस घासून वर चढत असल्यामुळें वाड्याच्या मातीच्या भिंतीचा प्रत्येक फुगवटा त्यांत लाटेप्रमाणें दिसतो. ताणलेला खास पडदा घ्यावा लागतो, तो महाग. शिवाय रांगतें मूल भिंगांत डोकावणारच, आणि तो प्रकाश डोळ्यांस घातक आहे. या घरास तें यंत्र नको.

टांगण्याचें काम गवंड्यापेक्षां सुताराकडे द्यावें, कारण येथें आधार तुळईचा आहे. छताचा पंखा झोताच्या वाटेंत येतो, याकडे बहुतेकांचें लक्ष यंत्र आल्यावर जातें. यंत्राची दांडी एवढी लांब घ्यावी, कीं भिंग पंख्याच्या पात्यांखालीं राहील. चित्र तिरपें आलें तर 'कीस्टोन' नांवाच्या कळीनें तें सरळ करतां येतें, परंतु त्यांत बिंदु वायां जातात. यंत्रच पडद्याच्या मध्यावर आणि सरळ टांगणें बरें. यंत्रांतला आवाज डोक्यावरून येतो आणि बोलणाराचे ओठ समोर, हें कानांस विचित्र वाटतें. आवाजाची पेटी पडद्याखालींच हवी. वृद्धांस संवाद नीट कळण्यास याहून सोपा उपाय नाहीं. तिची तार भिंतीस रंग देण्यापूर्वीं टाकून घ्यावी.

घरांत चित्रें पाहण्याची हौस नवी नाहीं. पाथे कंपनीनें ९.५ मिलिमीटर फितीचें घरगुती यंत्र १९२२ सालींच काढलें होतें. त्याच्याहि पूर्वीं, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन कांचेवर रंगविलेलीं चित्रें दिव्यानें पडद्यावर टाकून दाखवीत व त्या खेळास 'शांबरिक खरोलिका' म्हणत. शंबर हा मायावी असुर, त्याची विद्या ती शांबरी. 'प्रोजेक्टर' या शब्दांत ती गंमत नाहीं.

एक गोष्ट पत्रांत जातां जातां आली आहे, ती आम्हांस डाचते. सासूबाईंची खाट सध्यां माजघरांतच आहे. त्यांच्यासाठीं यंत्र खालीं यावें असें या बाई म्हणतात, पण त्यांस कोणीं विचारलें आहे काय? चित्रपट रात्रीं साडेअकरापर्यंत चालला, तर त्यांनीं निजावें केव्हां? प्रथम त्यांचें मत घ्यावें, आणि रोज साडेनवाला यंत्र बंद होईल हें यंत्र येण्यापूर्वींच ठरवावें. गच्चीवरची खोली परीक्षेच्या मुलांस अभ्यासाला द्यावी. संध्याकाळीं तिच्यांत उकाडा कमी असतो.

खरेदीपूर्वीं एक करावें. पांढरी चादर सात फूट तीन इंच रुंद व चार फूट एक इंच उंच अशी दुमडून, जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर, त्या भिंतीस आठ दिवस टांगून ठेवावी. खाट कोठें सरकवावी लागते, आणि फडताळाचें दार पुरें उघडतें कीं नाहीं, तें सर्वांस दिसेल.