तापमान बाईचं, ताप विद्वानांना

बाईचं अंग थंड की गरम, या प्रश्नाने विद्वान पुरुषांची झोप गेली अडीच हजार वर्षं उडालेली आहे. बाईला विचारून टाकावं, एवढा साधा उपाय त्यांतल्या एकालाही सुचला नाही. सुचला असता तर एवढे ग्रंथ कुठून झाले असते?

सुरुवात ग्रीकांनी केली. पार्मेनिडीस म्हणाला, बाई गरम. तिच्यात रक्त जास्त. एम्पिडोक्लीस म्हणाला, छे, गरम तो पुरुष. मग अ‍ॅरिस्टॉटल आला आणि त्याने निकाल देऊन टाकला: बाई थंड. थंड म्हणून तिला रक्त 'शिजवून' त्याचं वीर्य करता येत नाही, आणि ते येत नाही म्हणून ती म्हणजे बिघडलेला पुरुष. थर्मामीटर अजून जवळजवळ दोन हजार वर्षं लांब आहे, हे लक्षात घ्या. महाशयांनी बायकोचा हात धरून पाहिला असेल, तर तेवढ्यापुरते ते बरोबर. हात गार असतातच. पण हातावरून थेट अपूर्णत्वापर्यंत पोचायला तत्त्वज्ञच हवा.

गॅलन दुसऱ्या शतकातला. आधी ग्लॅडिएटरांच्या जखमा सांभाळायचा, पुढे रोमच्या सम्राटाचा वैद्य झाला. बढती मिळाली की माणसाला सगळंच कळायला लागतं. त्याचं म्हणणं असं, की बाई आणि पुरुष यांची जननेंद्रियं एकच. फक्त ती बाहेर ढकलण्याइतकी ऊब बाईच्या अंगात नसते, म्हणून ती आत राहून जातात. दाखला कुणाचा दिला? मोल नावाच्या, बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या डोळ्यांचा. डोळे आहेत, पण उघडलेले नाहीत, तसंच बाईचं. मूल नऊ महिने वाढवणारा अवयव म्हणजे बाहेर यायचा राहून गेलेला माल! अर्थात ही खोट वंशवृद्धीला उपयोगी आहे, असंही त्याने उदार मनाने नोंदवलं. आणि ही मुक्ताफळं युरोपातल्या वैद्यांनी शतकानुशतकं पाठ केली. परीक्षेला येत असणार.

पण माझा लाडका प्रसंग ग्रीक लेखक प्लूटार्कच्या पंगतीतला. इसवी सन 100 च्या आसपासचा ग्रंथ. पोटं भरलेले सद्गृहस्थ 'बाई थंड की गरम' या गहन विषयावर वाद घालताहेत. बोलणाऱ्यांत बाई एकही नाही, हे वेगळं सांगायला नको. एक वैद्य म्हणतो, बाई गरमच. पुरावे काय? अंगावर केस कमी, म्हणजे आतल्या उष्णतेने मळ जाळून टाकला. रक्त जास्त. थंडी पुरुषांपेक्षा कमी बाधते, कपडे कमी लागतात. मग हुकमाचा एक्का: प्रेतं जाळणारे लोक म्हणे दहा पुरुषांच्या प्रेतांबरोबर बाईचं एक ठेवतात, कारण तिच्या देहात काहीतरी स्निग्ध, राळेसारखं असतं, आणि तिच्या जोरावर बाकीचे पेट घेतात. दहा जणांचं काम एकटीने ओढायचं, यातून मेल्यावरही सुटका नाही तर!

समोरचा पाहुणा हार मानतो का? अजिबात नाही. तो म्हणतो, हेच सगळे पुरावे बाई थंड असल्याचे आहेत. तिला थंडी बाधत नाही, कारण थंडाला थंड काय बाधणार? चरबी पेटते खरी, पण चरबी हाच तर शरीरातला सगळ्यात थंड भाग. घ्या! थंडी वाजली तर बाई थंड, नाही वाजली तरी थंडच. अशा माणसाशी वाद घालण्यापेक्षा त्याला आणखी एक पेला भरून द्यावा आणि घरी पाठवावं.

हे वाचून आपण छाती फुगवायचं कारण नाही. आपल्याकडे पाटी फक्त उलटी लावली. सुश्रुताच्या परंपरेत शुक्र सौम्य आणि आर्तव आग्नेय. म्हणजे उष्णता बाईच्या वाट्याला. ग्रीकांकडे ती थंड म्हणून कमी ठरली, तर आपल्याकडे गरम म्हणून वरचढ ठरायला हवी होती, नाही का? तर्कशास्त्र तरी तसंच सांगतं. झालं काय? दिवस गेले की पपई खाऊ नकोस, उष्ण. तीळ नको, उष्ण. नऊ महिने ही बया पेटलेली. आणि बाळंत झाली की त्याच दिवसापासून गारठलेली: खाटेखाली शेगडी, कानाला फडकं, खिडक्या बंद, पंखा बंद, वारा लागेल, पाणी कोमटच पी. हे सगळं एप्रिल महिन्यात, नागपुरात. एका रात्रीत उष्णाची शीत कशी झाली, हे विचारायची सोय नाही. विचारलं की 'आमच्या वेळी' सुरू होतं.

या सगळ्या वादात मोजणं ही गोष्ट फार उशिरा आली. 1868 साली वुंडरलिख या जर्मन डॉक्टरने हजारो रुग्णांच्या काखेत थर्मामीटर धरून 37 अंश सेल्सियस हा आकडा जगाला दिला, आणि बायकांचं तापमान पुरुषांपेक्षा किंचित जास्त असतं हेही नोंदवलं. 1998 साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये छापलं: अंगातलं तापमान बायकांचं 97.8 अंश फॅरनहाइट, पुरुषांचं 97.4. आणि हात? बायकांचे 87.2, पुरुषांचे 90. आत गरम, बाहेर गार. म्हणजे वाद निकालात निघाला आणि दोन्ही पक्ष तोंडावर पडले.

यात गूढ काही नाही. कातडीखालचा चरबीचा थर बाईला जास्त असतो, आणि गारवा जाणवताच कातडीकडे जाणाऱ्या तिच्या रक्तवाहिन्या लवकर आवळतात. रक्त आत वळतं, आतली ऊब टिकते, बोटं गारठतात. थंडीची वर्दी देणाऱ्या नसांची टोकं असतात कातडीत. त्यामुळे आत सगळं आलबेल असताना बाईला हुडहुडी भरते. पाळीच्या चक्रात बीज सुटलं की प्रोजेस्टेरॉनमुळे अंगाचं तापमान 0.3 ते 0.5 अंश सेल्सियसने चढतं, ते वेगळंच. उलट स्नायू उष्णता निर्माण करतात, आणि ते सरासरी पुरुषाकडे जास्त. सरासरी, बरं का. कोल्हापूरच्या तालमीत घाम गाळणारी पोरगी आणि दिवसभर खुर्ची झिजवणारा तिचा काका शेजारी उभे केलेत, तर स्नायूंचा हिशेब कुणाच्या बाजूने लागेल ते काकालाच विचारा.

फरक आहेत. ते नाकारणाऱ्यांशीही माझं जमत नाही. थर्मामीटरला चळवळ कळत नाही. पण माझं खरं वाकडं आहे ते 'नैसर्गिक फरक असतात हो मॅडम' म्हणणाऱ्या जमातीशी. हे वाक्य मी एका कचेरीतल्या बैठकीत ऐकलं. मे महिना, मुंबई, एसी 18 वर. बोलणारे गृहस्थ ब्लेझर घालून बसलेले. बाहेर घामाच्या धारा आणि हे लंडनच्या तयारीत, त्यामुळे खोलीचं लंडन करणं भागच होतं. टेबलाच्या अलीकडे एकीने ओढणी डोक्यावरून घेतलेली, दुसरीने हात मांड्यांखाली दाबलेले, तिसरीची शाल वर्षभर ड्रॉवरमध्येच मुक्कामाला असते. एसी 24 वर करा, असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा हे शास्त्रवचन आलं. बायकांना थंडी जास्त वाजतेच, नैसर्गिक आहे ते. अहो, म्हणूनच तर 24 करा म्हटलं! फरक मान्य, पण फरकाला अनुसरून रिमोटचं बटण दाबणं अमान्य. निसर्ग यांना फक्त नाही म्हणण्यापुरता लागतो.

आणि खोलीच्या ज्या तापमानाला हे 'नॉर्मल' म्हणतात, ते आलं कुठून? इमारतींतल्या सुखकर तापमानाची गणितं 1960 च्या दशकात बसवली गेली. त्यांत माणसाचं शरीर किती उष्णता बाहेर टाकतं याचं जे माप धरलंय, ते 70 किलो वजनाच्या, 40 वर्षांच्या एका पुरुषाचं. 2015 साली नेदरलंड्सच्या दोन संशोधकांनी दाखवून दिलं, की या मापाने बायकांची उष्णता 35 टक्क्यांपर्यंत जास्त धरली जाते. गॅलनने बाईला ऊब कमी पडते म्हणून नापास केलं, आणि इंजिनियरांनी तिच्या नावावर नसलेली ऊब जमा करून तिला गारठवलं. प्रगती म्हणतात ती हीच. 2019 साली बर्लिनमध्ये पाचशेहून जास्त विद्यार्थ्यांना 16 ते 33 अंशांच्या खोल्यांत बसवून गणितं घातली, शब्द जुळवायला लावले. खोली उबदार झाली तशी मुलींची उत्तरं सुधारली. मुलांची घसरली, पण कमी. तरी 'बायकांचं गणितात डोकं चालत नाही' हा सिद्धांत मांडणारा माणूस आधी एसीचा आकडा बघतो का? आपल्याकडे 2020 पासून नवे एसी सुरू होताना 24 वर सुरू व्हावेत असा नियम झाला. वीज वाचावी म्हणून हो, आमच्यासाठी नाही. तरी आभार.

चरबीचं प्रकरण याहून बहारदार. जगण्यासाठी लागणारी किमान चरबी पुरुषात वजनाच्या सुमारे 3 टक्के, बाईत 12. चरबी फार घटली की तिची पाळी बंद पडते, हाडं ठिसूळ होतात. यावरून व्याख्यान झोडलं जातं, की बाई मुळातच सुस्त, साठवणारी. व्याख्यान कोण देतंय ते मात्र एकदा निरखून पाहावं. शर्टाचं चौथं बटण श्वास रोखून उभं असतं. बाईची चरबी बव्हंशी नितंब-मांड्यांवर बसते, तिथे ती त्यातल्या त्यात निरुपद्रवी. गर्भारपणात आणि अंगावर पाजताना कामाला येते. पुरुषाची बसते पोटात, यकृताच्या शेजारी, आणि मधुमेह-हृदयविकाराला आवतण धाडते. बिघडलेली रचना कुणाची म्हणायची, अ‍ॅरिस्टॉटलपंत?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी तर 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःलाच नमुना म्हणून उभं केलं. शेजारी इंग्रज सहकारी जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी एक, 22.3. चरबी? युडकिन 9.1 टक्के, याज्ञिक 21.2. सडपातळ दिसणारा मराठी पुरुष आतून लोण्याचा गोळा निघतो, हे आपल्याच माणसाने आपल्याच देहावर सिद्ध केलंय. ते वाचायचं सोडून हे व्याख्यानवाले जिममधल्या बायकांना आहार शिकवतात.

शिवाय चरबी हा दोष की गुण, हे निकाल पाहून ठरतं. 1926 साली गर्ट्रूड एडर्ली इंग्लिश खाडी साडेचौदा तासांत पोहून गेली. तोवरच्या सर्वांत वेगवान पुरुषाला साडेसोळा लागले होते. 1959 मध्ये कोलकात्याच्या आरती साहा यांनी तीच खाडी पार केली. असं काही झालं की उत्तर तयार असतं: चरबी असते ना, थंडी लागत नाही. हरली तर चरबीमुळे, जिंकली तर चरबीमुळे. प्लूटार्कचा तो पाहुणा अजून जेवतोच आहे.

आणि 'निसर्ग' म्हणजे दगडावरची रेघ समजणाऱ्यांनी कोरियातल्या जेजू बेटावर जाऊन यावं. तिथल्या पाणबुड्या बायका, हेन्यो, नुसत्या सुती कपड्यांत हिवाळ्यात 10 अंशांच्या समुद्रात बुड्या मारायच्या. शास्त्रज्ञांनी 1960 च्या दशकात तपासलं, तर हिवाळ्यात त्यांचा चयापचय वाढलेला, आणि अंगातली ऊब धरून ठेवण्याची ताकद निव्वळ चरबीच्या हिशेबात बसेना. मग 1970 च्या दशकात रबरी पोशाख आले आणि काही वर्षांत ही सगळी किमया ओसरली. बायका त्याच, समुद्र तोच. बदलले ते कपडे.

राहता राहिला पुरुषाच्या अंगातला तो पूर्णत्वाचा अग्नी. त्याचीही बातमी आहे. 2020 साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अमेरिकी यादवी युद्धातल्या सैनिकांपासून आजपर्यंतची तापमानं एकत्र मांडली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जन्मलेल्या पुरुषांपेक्षा आजचा पुरुष 0.59 अंश सेल्सियसने गार आहे. रोगराई घटली, शरीराचा दाह घटला, हे त्यामागचं एक संभाव्य कारण. बायकांचंही तापमान उतरलंय, आम्ही नाकारत नाही. पण आम्हाला कुणी गरम असल्याबद्दल मुकुट घातलाच नव्हता. गॅलनच्या हिशेबाने पाहिलं तर समस्त पुरुषवर्ग दर दशकाला थोडाथोडा अपूर्ण होत चाललाय. ब्लेझरवाल्या साहेबांना हे कळवायची जबाबदारी मी घेते. फक्त आधी त्या खोलीतला एसी कुणीतरी 24 वर करा. गारठलेल्या हातांनी मेल टाईप होत नाही.