री कुणाची ओढता?

मागल्या महिन्यात दादरला आपल्याच पोरांची बैठक होती. भिंतीवर पोस्टर, त्यावर हातभर उंच एकच इंग्रजी शब्द : रिक्लेम. एक दोस्त माईकवर म्हणाला, आपल्याला आपली ओळख रिक्लेम करायचीय, हे शहर रिक्लेम करायचंय. टाळ्या पडल्या. मी बी वाजवल्या. मग रातपाळीला गोदीत गेलो आन लोखंडाच्या कॉइलीखाली लाकडं सारताना तो शब्द डोक्यात किड्यासारखा वळवळत राहिला.

मी मॅट्रिक. डिक्शनरी चोरबाजारातली, पानं सुटलेली. ती म्हणते, रिक्लेम म्हंजे गेलेलं परत मागणं, परत मिळवणं. जुन्या काळी शिकारी आपल्या ससाण्याला हाक मारून परत हातावर बोलवायचा, त्यालाही हेच क्रियापद. म्हंजे अट उघड आहे. वस्तू आधी तुझी पाहिजे.

आता मुंबईत हे क्रियापद कोण वापरतो बघा. बॅकबे रिक्लेमेशन. बांद्रा रिक्लेमेशन. अरे, समुद्र कधी यांच्या बापाचा होता? 1860 नंतर अमेरिकेत यादवी पेटली, इथं कापसाचा भाव चढला, शेठ लोकांनी समुद्र बुजवायला कंपन्या काढल्या. 1865 ला युद्ध संपलं, कंपन्या बुडाल्या. 1920 नंतर गव्हर्नर लॉइडच्या सरकारनं पुन्हा तोच घाट घातला. त्यातला घोटाळा बॅरिस्टर नरिमननं चव्हाट्यावर आणला, आणि पुढं भराव टाकून केलेल्या जमिनीलाच त्याचं नाव दिलं : नरिमन पॉइंट! मी ज्या इंदिरा डॉकात राबतो तो 1914 चा, तेव्हाचा अलेक्झांड्रा डॉक. त्याची खोदलेली माती समुद्रात ओतून बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. 2019 साली कोस्टल रोडच्या भरावाविरुद्ध वरळीचे कोळी कोर्टात गेले. हायकोर्टानं जुलैत काम थांबवलं, सुप्रीम कोर्टानं डिसेंबरात मोकळं केलं, 2024 ला गाड्या धावल्या. कोळ्यांच्या जाळ्याखालचं पाणी गेलं, आणि भाषा काय? जमीन 'परत मिळवली'. जसं काही समुद्रानंच यांच्या सातबाऱ्यावर अतिक्रमण केलं होतं!

इंग्रजानं तर हे क्रियापद माणसांवर चालवलं. ज्या जमातींवर त्यानं गुन्हेगार म्हणून शिक्का मारला, त्यांना सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या आत कोंडलं आणि म्हणाला, यांना रिक्लेम करतोय. ससाणा तरी उडत होता. ह्यांची तार तुटायला 1952 उजाडलं.

आता माझ्या जालना जिल्ह्यात या. तिथं समुद्र नाही. गायरान आहे.

6 डिसेंबर 1964 ला दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू केला. लाखांनी माणसं जेलात गेली. त्यात माझा आजा एक. सुटून आला आन गावच्या गायरानातलं अडीच एकर धोंड्याचं रान त्यानं फोडलं. आजीनं डोक्यावर दगड वाहून बांध घातला. गावानं उभ्या ज्वारीत दोनदा ढोरं सोडली. (गाईंसाठी राखलेल्या रानात आमची ज्वारी गाईंनीच खाल्ली, तर धर्म बुडाला नाही!) समुद्र बुजवणाऱ्याला भाडेपट्टा मिळाला. आज्यानं दगड वेचून माती उघडी केली, त्याच्या कामाला कागदावर शब्द पडला, अतिक्रमण. आन वर दंडाची पावती.

पुढची गंमत ऐका. 28 नोव्हेंबर 1991 चा शासन निर्णय म्हणतो, मागासवर्गीय भूमिहीनांनी 14 एप्रिल 1990 पर्यंत केलेली शेतीची अतिक्रमणं नियमाप्रमाणं त्यांच्या नावं करा. पण कसत होता याचा पुरावा काय? दंडाची पावती आन गाव नमुना 1-ई मधली नोंद. म्हंजे ज्याला दंड झाला तोच वाचला. माझा बाप तलाठ्यामागं फिरायचा, भाऊसाहेब, आम्हाला दंड लावा. भाऊसाहेब हसायचा. दंड लावायला बी त्याला चहापाणी लागायचं.

2011 साली सुप्रीम कोर्टानं गावच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा म्हणून सांगितलं. त्याच निकालात भूमिहीन मजुरांना आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी आदेशानं दिलेल्या जमिनींचा अपवाद लिहिलाय. तेवढं पान कचेरीत कुणी उलटत नाही. 2022 ला हायकोर्टानं गायरानाचा विषय पुन्हा काढला आणि गावोगाव नोटिसा निघाल्या. आता आमच्या दारावर बी चिकटलीय. ही जमीन सरकार 'परत' घेणार.

म्हणून दोस्तांनो, मला त्या पोस्टरशी भांडायचंय. तुम्ही ज्याला रिक्लेम म्हणता त्यातल्या 'री'नंच आमचा गळा धरलाय. 'परत द्या' म्हणालात की समोरचा लगेच विचारतो, आधी तुमची होती का? दाखवा जुना उतारा. आमच्याकडं कुठला उतारा? हजार वर्षं ज्याला सावली सुद्धा स्वतःची म्हणून पाडू दिली नाही, तो मालकीचा कागद कुठून आणणार? 20 मार्च 1927 ला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले. ते तळं पूर्वी आमचं होतं म्हणून गेले नाहीत. माणूस म्हणून गेले आणि ओंजळ भरली. आज्यानं बी परत काही मागितलं नाही. नांगर घातला.

तुम्ही म्हणाल, शब्दावरून कशाला वाद, भावना तर तीच आहे. भावना तलाठी नोंदवून घेत नाही रे. नरिमन पॉइंटच्या शेठला री परवडते, त्याच्यामागं दस्तावेज करून द्यायला सरकार उभं आहे. तुम्ही आम्ही त्याची री कशाला ओढायची? री पुसा, क्लेम ठेवा. गोदीत साधं पोतं फाटलं तरी मालवाला क्लेम करतो, आन पोत्याखाली हमालाची कंबर गेली तर मुकादम म्हणतो, गावाकडं जाऊन ये चार दिवस.

नोटिशीची सुनावणी पुढल्या सोमवारी तहसिलीत आहे. पावत्या अकरा आहेत, बापानं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कणगीत ठेवल्यात. दोन उंदरानं कुरतडल्यात, पण साल दिसतं. मी रविवारी रातच्या गाडीनं निघतोय. येणार असाल तर या. पोस्टर नका आणू. ज्याला 1-ई ची नोंद वाचता येते असा एखादा वकील आणा.